पाठीचा नको, पोटाचा फोटो पाठव

कासव ओळखायचं असेल तर ते उलटं करून बघावं लागतं. माझ्या भाच्याला हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता तो आधी पोटाचाच फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'मामा, बघा की.'

भाचा टांझानियात आहे, किलोम्बेरोच्या खोऱ्यात, साखर कारखान्यात. पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, काही सीझन इकडं शिरोळ तालुक्यात काढले आणि मग तिकडं गेला. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना याचं नवल वाटायचं कारण नाही. केनिया, युगांडा, टांझानिया, इथिओपिया इथल्या कारखान्यांत पॅनवर, बॉयलरवर, लॅबमध्ये आपल्या भागातली माणसं पूर्वीपासून आहेत. आमच्या गल्लीत 'तो आफ्रिकेला असतो' असं म्हटलं की पुढं काय काम करतो हे कुणी विचारत नाही. साखरच असणार.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. भाचा शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन कळंब्याच्या तलावावर, पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचो. दगडावर ऊन खात बसलेलं कासव लांबूनच त्याला दिसायचं, माझ्या आधी. ती नजर अजून शाबूत आहे. त्याच्या कारखान्याच्या उसाचे फड ग्रेट रुआहा नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेत, मागं उडझुंग्वाचे डोंगर, फडांतून कालवे आणि चर. मार्च ते मे तिकडं मोठा पाऊस. तेव्हा गाळप बंद आणि दुरुस्तीची कामं चालू असतात. चर तुडुंब भरतात आणि कासवं रस्त्यावर येतात. मजूर 'कोबे, कोबे' म्हणून हाक मारतात, आणि याचा फोन बाहेर निघतो.

पहिल्यांदा आलेले सगळे फोटो वरून काढलेले होते. वरून बघितलं तर सगळी कासवं एकाच घरची वाटतात. काळपट, तपकिरी, चिखलानं माखलेली. जुन्या जनावराच्या पाठीवर शेवाळ साठतं, तांबड्या गढूळ पाण्यात राहिलेलं काळं कासव तांबूस दिसायला लागतं. मोबाइलमधल्या ओळख पटवणाऱ्या ॲपला असा फोटो दाखवला तर ते बेधडक एक नाव देऊन मोकळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच कासव दुसऱ्या बाजूनं दाखवलं की दुसरं नाव देतं. रंगावर भिस्त ठेवली की असंच होणार. म्हणून आधी शिवणी, म्हणजे खवल्यांच्या मधल्या रेघा, बघायच्या, मग आकार, मग डोकं, आणि रंग सगळ्यात शेवटी. या क्रमावर माझा ठाम विश्वास आहे.

आता मुळापासून सांगतो, कारण आपल्याकडची कासवं बघायची सवय असलेल्या माणसाला आफ्रिकेतली ही कासवं बघताना आधी मानेपाशी थांबावं लागतं. आपल्या नदीतलं मऊ पाठीचं कासव घ्या किंवा तळ्यातलं काळं कासव घ्या. डोकं आत घेताना त्याची मान उभ्या वळणात मागं दुमडते आणि डोकं सरळ रेषेत आत जातं. आफ्रिकेतल्या या कासवांची मान आडवी वळते. डोकं एका बाजूला, कवचाच्या कडेखाली जाऊन बसतं, रात्रीच्या एसटीत खांद्यावर मान टाकून झोपलेल्या माणसासारखं. एक डोळा बाहेरच्या बाजूला राहतो आणि त्या फटीतून ते तुमच्याकडं बघत असतं. भाच्यानं पाठवलेल्या एका फोटोत हा डोळा इतका स्पष्ट आलाय की तो मी मोठा करून भिंतीवर लावलाय.

आज भारतात अशा आडव्या मानेचं एकही रानटी कासव नाही. पण होतं, आणि तेही महाराष्ट्रात. मुंबईत लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गाळाचे खडक सापडतात. १८५२ मध्ये कार्टर नावाच्या अभ्यासकांनी वरळीच्या अशाच खडकातल्या कासवाच्या जीवाश्माचं वर्णन केलं. पुढं २००३ मध्ये मुंबईच्याच खडकांतून मिळालेल्या एका कवटीवरून सांकुकेमिस सेठनाई हे नाव दिलं गेलं. दोन्ही आडव्या मानेच्या गटातली. जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड अजून थरावर थर रचला जात होता तेव्हाची. भाच्याच्या चरातली कासवं ही त्यांची थेट नातवंडं नव्हेत, पण त्याच मोठ्या खानदानातली आहेत. हे त्याला सांगितलं तेव्हा तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मामा, मी परक्या गावात नाही म्हणा की."

आणखी दोन खुणा कुळाच्या पातळीवरच्या. आपल्या काळ्या कासवाच्या पाठीवर, मानेच्या अगदी वर, कडेला मधोमध एक बारीकसा खवला असतो. आफ्रिकेतल्या या कुळात, म्हणजे पेलोमेडुसिडीत, तो नसतोच. उलट पोटाच्या पुढच्या टोकाला मधोमध यांना एक जादा, बिनजोडीचा खवला असतो. त्यामुळं आपल्या काळ्या कासवाच्या पोटावर बारा खवले भरतात आणि यांच्या तेरा. एवढं मोजलं तरी कासव कुठल्या घरचं हे कळतं.

या कुळात आज जिवंत असे दोनच गट आहेत: पेलोमेडुसा आणि पेलुसिओस. दोघांच्या हनुवटीखाली मांसल मिशांसारखे दोन बारीक कोंब असतात, दोघं चिखलात राहतात, एकाच डबक्यात शेजारी शेजारीही सापडतात. वेगळेपण पोटावर आहे. पेलुसिओसच्या पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी असते. छातीच्या खवल्यांची जोडी जिथं संपते आणि पोटाच्या खवल्यांची जोडी जिथं सुरू होते, बरोबर त्या शिवणीवर. पुढचा भाग वर उचलला जातो आणि डोकं व पुढचे पाय आत बंद होतात. मागचा भाग मात्र पक्का, तो हलत नाही. पेलोमेडुसाला बिजागरी नाही. ते डोकं आडवं घालून बसतं खरं, पण पुढची बाजू उघडीच राहते.

हे मी शब्दांत कितीही सांगितलं असतं तरी एका व्हिडिओनं जे झालं ते झालं नसतं. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या ढिगाऱ्याशेजारी, पोत्यावर उताणं ठेवलेलं साधारण वीतभर कासव. भाच्याचा अंगठा मागच्या बाजूला. पुढं काळपट डोकं आणि नखं असलेले दोन पाय हवेत हलतायत. कुणीतरी पलीकडं लोखंडी पाना टाकल्याचा आवाज येतो आणि त्याच क्षणी पाय आत जातात, डोकं डावीकडं वळतं, आणि छातीचा सगळा भाग सावकाश, एकसंध, वर येत येत पाठीच्या कडेला भिडतो. आता समोर फक्त एक बारीक फट. त्या आडव्या शिवणीत पांढुरकी कातडी क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. हे बघितलेला माणूस पुन्हा पेलुसिओस आणि पेलोमेडुसात गोंधळणार नाही.

जिवंत कासव असं बंद होऊन दाखवेलच असं नाही, आणि पिल्लांमध्ये ही बिजागरी नीट चालतही नाही. तेव्हा शिवणीच बघायच्या. पेलुसिओसमध्ये ती शिवण या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आडवी जाते. पेलोमेडुसात ती तिरपी, वाकडी असते, आणि छातीचे दोन खवले पुष्कळदा तिकोनी होत जातात. काही जनावरांत तर ते मधल्या रेषेवर एकमेकांना भेटतच नाहीत. शिवाय पेलोमेडुसाची पाठ चपटी, डोकं रुंद, वरून शिरस्त्राण घातल्यासारखं मोठ्या खवल्याचं. आणि वास. हातात धरलं की बाजूच्या ग्रंथींतून असा दर्प सोडतं की भाच्याला जेवणाआधी दोनदा साबण लावावा लागला.

पेलोमेडुसाची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही. आम्ही शिकलो तेव्हा आणि पुढं मी शिकवलं तेव्हाही सगळ्या पुस्तकांत पेलोमेडुसाची एकच जात होती, पेलोमेडुसा सबरुफा. दक्षिण आफ्रिकेच्या टोकापासून सुदानपर्यंत, पश्चिमेला घानाकडं, पूर्वेला मादागास्करमध्ये, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि सौदी अरबस्तानातही, सगळीकडं हेच एक नाव. २०१४ मध्ये ड्रेस्डेनच्या उवे फ्रिट्झ यांच्यासह बऱ्याच संशोधकांनी ठिकठिकाणच्या जनावरांचा डीएनए आणि संग्रहालयांतले नमुने एकत्र तपासले आणि किमान दहा जाती मानाव्यात असं दाखवून दिलं. त्यातल्या सहा अगदी नव्यानं वर्णन केलेल्या. दक्षिण आफ्रिकेतली गॅलियाटा, अरबस्तानातली बार्बाटा, केनियाकडची नोयमानी, टांझानियातली कोबे, अशी नावं आता आहेत.

इथं बाहेरच्या खुणा थकतात. छातीचे खवले मधोमध भेटतात का, कानशिलावरचा मोठा खवला अखंड आहे की तुटक, हनुवटीचे कोंब लहान की मोठे, अंगाचा खालचा भाग फिकट की गडद, या खुणा संशोधकांनी दिल्यात, पण एकाच जातीतही त्या मागंपुढं होतात. म्हणून भाच्याकडून पेलोमेडुसाचा फोटो आला की मी 'पेलोमेडुसा' एवढंच लिहितो, ठिकाण लिहितो आणि तिथंच हात थांबवतो. त्याला हे सुरुवातीला आवडायचं नाही. नाव पूर्ण पाहिजे, असा त्याचा हट्ट. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, काढला की आकडा मिळतो, तसं त्याला हवं असतं. मी त्याला म्हटलं, "लेका, हाताशी जेवढा पुरावा आहे तेवढंच नाव द्यायचं. गटापर्यंत बरोबर नाव लिहिलं, ते जातीपर्यंत अंदाजानं लिहिण्यापेक्षा शंभर पटींनी कामाचं."

पेलुसिओसमध्ये मात्र फोटोवरून पुष्कळ पुढं जाता येतं, आणि खरी गंमत तिथंच आहे. या गटात दीड डझनाच्या आसपास जाती आहेत. किलोम्बेरोच्या सखल भागात मी तिघांकडं लक्ष ठेवायला सांगितलं: सायनुएटस, सबनायजर आणि कास्टानॉइडीस.

सायनुएटस ओळखायला सगळ्यात सोपं आणि दिसायला सगळ्यात देखणं. १८३८ मध्ये अँड्र्यू स्मिथ यांनी त्याला नाव दिलं. पेलुसिओसमधलं हे सगळ्यात मोठं. मोठ्या मादीची पाठ चाळीस सेंटिमीटरच्या वर जाते. पाठीच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते, पाठीच्या मधल्या रेषेवर गाठी. पिल्लांत हे दाते आणि मधला कणा फार ठळक, म्हाताऱ्या जनावरांत झिजून बोथट. पण माझी आवडती खूण पोटावर आहे. मधला भाग पिवळा आणि कडेनं काळी चौकट. त्या चौकटीची आतली कड सरळ नसते, कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते, आणि पिवळा-काळा यांच्यामधली रेघ अगदी तीक्ष्ण असते. भाच्याचा असा पहिला फोटो आला तो रुआहाच्या काठावरचा. मी रात्री उशिरा बघितला आणि बायकोला उठवून दाखवला. तीही म्हणाली, "पैठणीच्या काठावर असतं तसलं आहे की."

सायनुएटस कायम वाहत्या, खोल पाण्यातलं कासव. मोठ्या नद्या, सरोवरं. ओंडक्यावर ऊन खातं, आणि ओंडका नसेल तर पाणघोड्याच्या पाठीवर चढून बसतं. हे वाचायला छान वाटतं, पण जिथं पाणघोडा आहे तिथं मगरही आहे. त्यामुळं नदीकाठच्या कासवाचा फोटो मला लांबून झूम करून काढलेलाच चालतो. काठावर उतरायचं नाही, हे मी त्याला निक्षून सांगितलंय आणि त्याच्या आईलाही त्याच्याकडून कबूल करून घ्यायला लावलंय. पोटाचा फोटो हा नियम चरातल्या आणि रस्त्यावरच्या कासवांसाठी. नदीतल्या कासवासाठी मागच्या कडेचे दाते पुरेत.

सबनायजर आणि कास्टानॉइडीस ही जोडी मात्र डोकं पिकवते. दोन्ही मध्यम आकाराची, वीस-बावीस सेंटिमीटरच्या आसपास थांबणारी. दोन्हींच्या कडेला दाते नाहीत. दोन्ही साचलेल्या, उथळ, वनस्पती माजलेल्या पाण्यात. पाणी आटलं की चिखलात गाडून घेऊन पुढच्या पावसाची वाट बघण्याची रीतही तिथली. मग फरक कुठं करायचा? सबनायजरची पाठ वरून बघितली तर गोलसर, रुंद, कास्टानॉइडीसची लांबट. सबनायजर गडद तपकिरी ते काळं. कास्टानॉइडीस ऑलिव्ह किंवा पिवळट तपकिरी, आणि पोट बहुतेक सगळं पिवळं. सबनायजरच्या पोटावर गडद रंग शिवणींच्या बाजूनं पसरलेला असतो. आणि मग डोकं. सबनायजरचं डोकं एकरंगी, फक्त जबडे फिकट पिवळसर. कास्टानॉइडीसच्या गडद डोक्यावर सहसा पिवळसर, बारीक, वेड्यावाकड्या रेघांची नक्षी. यातली एकेक खूण सुटी घेतली तर फसवेल. तीन जुळल्या तरच नाव लिहायचं. आणि रंग बघायचा तर आधी बादलीभर स्वच्छ पाण्यानं पोट धुऊन, सावलीत. उन्हात काढलेल्या फोटोत ओलं पिवळं पोट पांढरं दिसतं आणि तपकिरी पाठ काळी.

या विषयातले जाणकार एक मापही घेतात, आणि ते फोटोवरूनही घेता येतं जर कॅमेरा सरळ वरून धरला असेल. पोटाच्या पुढच्या, हलणाऱ्या भागाची लांबी किती आणि बिजागरीच्या लगेच मागच्या खवल्यांच्या जोडीची मधली शिवण किती लांब. या दोघांचं प्रमाण जातीजातीत वेगळं असतं. लोराँ यांनी १९६५ मध्ये आणि ब्रॉडली यांनी १९८१ मध्ये या गटाची जी मांडणी केली त्यात हे प्रमाण महत्त्वाचं होतं. रंग बदलतो, दाते झिजतात, शेवाळ चढतं, पण शिवणींचं प्रमाण सहजासहजी फसवत नाही. म्हणूनच मी भाच्याला फोटोत शेजारी पट्टी ठेवायला लावतो. लॅबमधली स्टीलची, सहा इंची.

पश्चिमेकडं, झांबिया-काँगोच्या बाजूला गेलं की रोडेसियानस नावाचं आणखी एक येतं, पाठ-पोट दोन्ही काळं असलेलं. ओकावांगोकडं बेचुआनिकस, मोठं आणि काळं, डोक्यावर पिवळे ठिपके. त्यांच्याशी भाच्याचा अजून संबंध आलेला नाही, म्हणून मीही त्यांच्यावर फार बोलत नाही.

एकदा रिकामं कवच सापडलं. उसाचं पाचट जाळल्यावर फडाच्या कडेला. वरचे खवले गळून गेलेले, नुसतं हाड. भाचा म्हणाला, खवलेच नाहीत, आता काय बघायचं? मी म्हटलं, आता तर जास्त बघायचं. कासवाच्या कवचावर दोन वेगळी जाळी असतात. वर खवल्यांच्या शिवणी, खाली हाडांचे सांधे, आणि दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. खवले गेले तरी त्यांच्या शिवणींची खाच हाडावर उमटलेली राहते. हाडांचे सांधे मात्र नागमोडी, दातेरी. हे दोन्ही वेगवेगळ्या रंगाच्या खडूनं गिरव, असं त्याला सांगितलं. त्यानं गिरवलं. लाल रेघा खवल्यांच्या, निळ्या हाडांच्या.

आपल्या काळ्या कासवाच्या पोटाच्या कवचात नऊ हाडं असतात. या कुळात मध्ये आणखी एक जोडी असते, म्हणजे अकरा. ही जादा जोडी पेलुसिओसमध्ये मोठी असते आणि दोन्ही बाजूंची हाडं मधल्या रेषेवर एकमेकांना भेटतात. त्यांच्याच पुढच्या कडेवर बिजागरी बसलेली. पेलोमेडुसात ही हाडं लहान, कडेला ढकललेली, मध्ये भेटत नाहीत. भाच्याच्या फोटोत निळी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती. पेलुसिओस. मग त्याला कवचाच्या आत बोट घालून बघायला सांगितलं. आपल्या कासवांचं कंबरेचं हाड मेल्यावर सुटून पडतं. आडव्या मानेच्या कासवांचं कंबरेचं हाड पाठीला आणि पोटाला दोन्हीकडं जोडलेलं असतं, त्यामुळं रिकाम्या कवचातही ते खांबासारखं उभं राहतं. "आहे मामा, दोन खांब आहेत," असा मेसेज आला तेव्हा मला वर्गात पहिल्यांदा शिकवताना झाला होता तेवढा आनंद झाला. डोकं नाही, मान नाही, खवले नाहीत, आणि तरी ते कुठल्या घरचं हे हाडानं सांगितलं.

ठिकाण लिहिण्याबद्दल मी फार आग्रही आहे, आणि त्याला कारण आहे. सेशेल्स बेटांवरचं म्हणून एक कासव पुस्तकांत होतं, पेलुसिओस सेशेलेन्सिस. आउगुस्ट ब्राउअर यांनी १८९५ मध्ये जमवलेले म्हणून तीन नमुने, त्यांवरून १९०६ मध्ये सीबेनरॉक यांनी दिलेलं नाव. नंतर बेटांवर कितीही शोधलं तरी ते कुणाला मिळालं नाही. नामशेष झालं, अशी नोंद झाली. जगातून गेलेल्या कासवांच्या यादीत ते जाऊन बसलं. मग २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या त्याच मूळ नमुन्याचा डीएनए तपासला गेला, आणि तो पश्चिम आफ्रिकेतल्या पेलुसिओस कास्टेनियसचाच निघाला. म्हणजे सेशेल्सला असं वेगळं कासव कधी नव्हतंच. कुठं तरी नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, चिठ्ठी चुकली असणार. एका चिठ्ठीपायी शंभर वर्षं लोक नसलेल्या कासवासाठी हळहळले. म्हणून फोटोसोबत गाव, नदी किंवा कालवा आणि तारीख आलीच पाहिजे, आणि ती त्याच दिवशी लिहिलेली पाहिजे. 'मागच्या महिन्यात कुठंतरी काढलेला' असा फोटो आला तर मी उघडून बघतो, आनंद घेतो, पण वहीत उतरवत नाही.

मधे ताईनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, वेगळीच मागणी केली. आमच्याकडं विहिरीत कासव सोडायची जुनी पद्धत आहे, पाणी चांगलं राहतं म्हणून. "त्या बंद होणाऱ्यातलं एक पिल्लू घेऊन ये की, मळ्यातल्या विहिरीत राहील," असं तिनं लेकाला सांगितलं. मी लगेच फोन केला. ताईला समजावलं की असं जनावर देशाबाहेर काढणं आणि इथं आणणं कायद्यानं चालत नाही, आणि कायदा नसता तरी आणू नये. ॲक्वेरियमच्या दुकानांतून घेतलेली लाल कानाची अमेरिकन कासवं मोठी झाल्यावर लोक तळ्यांत सोडतात, आणि ती तळ्यातल्या आपल्या कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर बसतात. त्यात आफ्रिकेची भर कशाला? आणि आपल्याकडची कासवंही पकडून विहिरीत टाकायची नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. ताई रागावली नाही. म्हणाली, "बरं बाबा, फोटोच बघू." आता तिच्या फोनवर भाच्याचे फोटो माझ्या आधी जातात.

फोटो कसा काढायचा हे आता इतक्या लोकांनी विचारलंय की इथंच लिहितो. कासव हातात घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी, मागच्या पायांच्या पुढं धरायचं. मान आडवी असली तरी लांब असते आणि चावा बसतो. पोट धुवायचं. सावलीत, सपाट जागेवर, पोत्यावर उताणं ठेवायचं आणि कॅमेरा बरोबर वरून, वाकडा नाही. शेजारी पट्टी. दुसरा फोटो पाठीचा वरून, तिसरा बाजूनं, चौथा डोक्याचा बाजूनं असा की जबडा आणि कानशील दिसेल. हनुवटी दिसली तर उत्तम. काम दोन-तीन मिनिटांत उरकायचं, कारण उताणं ठेवलेलं कासव घाबरतं आणि पिल्लं उन्हात लवकर तापतात. मग सरळ करून जिथून उचललं त्याच पाण्यात, त्याच बाजूला सोडायचं. रस्ता ओलांडत असेल तर ज्या दिशेला तोंड होतं त्या बाजूला. हात साबणानं धुवायचे.

आपल्या कासवांना मात्र यातलं फोटो काढणं आणि जागा लिहिणं एवढंच लागू आहे. रंकाळ्याच्या कडेला किंवा शेततळ्यात कासव दिसलं तर ते हातात घेऊ नका, लांबून कडेचा, डोक्याचा, पाठीचा फोटो घ्या आणि जागा लिहा. चपटी मऊ पाठ आहे की कठीण, मागच्या पायांवर झाकणासारखे मांसल पडदे आहेत का, एवढं दिसलं तरी आपल्याकडचं अर्धं काम होतं.

भाचा पुढच्या सीझनला बहुतेक केनियात जाईल, किसुमूच्या बाजूच्या कारखान्यात. तिकडं व्हिक्टोरिया सरोवर आहे आणि तिथं पेलुसिओस विल्यम्सी नावाची जात आहे, जी मी अजून त्याच्या कुठल्याही फोटोत बघितलेली नाही. लोराँ यांनीच १९६५ मध्ये वर्णन केलेली, गडद पाठीची. आणखी उत्तरेला तुर्काना सरोवरात ब्रॉडलीई आहे, जगात फक्त तिथलीच. तिकडं साखर कारखाना नाही, तेव्हा भाच्याची आशा धरता येत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा, दीर, मेव्हणा किसुमूकडं, मुमियासकडं किंवा युगांडात जिंजाकडं कामाला असेल, आणि त्याला कालव्यात कासव दिसत असेल, तर त्याला एवढं सांगा: मगर नाही याची खात्री कर, कासव धू, उताणं ठेव, शेजारी पट्टी ठेव आणि पोटाचा फोटो काढ. गावाचं नाव आणि तारीख लिही. बाकीचं मी बघतो.